गाडी कशावर हाय?

आमच्या घरातून सगळ्यात जास्त वेळा चोरीला गेलेली वस्तू म्हणजे गॅसची टाकी, आणि चोर घरातलाच होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट सांगते आहे. तेव्हा टाकीसाठी नंबर लावायला लागायचा. मग पंधरा दिवस, कधी महिनाभर वाट बघायची. गल्लीच्या तोंडाशी टाक्यांचा खडखडाट ऐकू आला की पोळपाट-लाटणं आहे तिथं टाकून धावायचं. एवढं करून आलेली टाकी मी शेगडीला जोडायच्या आत माझा नवरा ती खांद्यावर मारून बाहेर न्यायचा. दारात पांढरी व्हॅन उभी असायची. तिच्या मागच्या सीटच्या पाठीमागं टाकी उभी राहिली, नळी जोडली, की व्हॅन मलकापूरच्या रस्त्याला आणि मी रॉकेलच्या स्टोपुढं.

तोंडावर मी नवऱ्याला 'अहो' म्हणते. लिहिताना मात्र नवराच म्हणणार आणि एकेरीतच लिहिणार, कारण या प्रकरणात त्याला मान देण्याइतकी सहनशक्ती माझ्यात उरलेली नाही.

नवरा वडाप करायचा. एसटीची वाट बघत उभी असलेली माणसं गोळा करायची, गाडीत दाबून बसवायची आणि घेऊन जायची, याला आमच्याकडं वडाप म्हणतात. आठवडाभर मलकापूर आणि पौर्णिमेला नृसिंहवाडी असा त्याचा नेम होता. पेट्रोलवर व्हॅन परवडत नाही असं झाडून सगळे वडापवाले म्हणायचे, आणि झाडून सगळ्यांच्या बायका स्टोला पंप मारत बसायच्या. स्वयंपाकाची टाकी गाडीला लावायची बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. लावून देणारा मिस्त्रीही सगळ्यांना ठाऊक होता.

टाकी बाहेरून दिसू नये म्हणून तिला खोळ पाहिजे होती. मी घरी ब्लाउज शिवायचे, साड्यांना फॉल लावायचे. नवऱ्यानं पडद्याचं उरलेलं कापड माझ्या मशीनवर आणून टाकलं आणि म्हणाला, "जरा उशीगत दिसू दे." मी त्याला दहा गोष्टी सुनावल्या आणि खोळ शिवली. वर झालरसुद्धा लावली. राग आला म्हणून माझी शिवण कधी वाकडी गेलेली नाही.

माझा धाकटा भाऊ त्याच सुमारास बंबावर लागला. अग्निशमन दल हा शब्द आमच्याकडं फक्त पाटीवर असतो, तोंडात बंबच. माझ्या चुलत सासूबाईंना मी कौतुकानं सांगितलं की भावाला बंबावर नोकरी लागली, तर त्या म्हणाल्या, "म्हंजे सायबाच्या अंगुळीचं पानी तापिवतो व्हय?" तेव्हापासून आमच्या घरात त्याला पाणक्या म्हणून चिडवायचे. तो हसायचा. पण नोकरीच्या बाबतीत तो फार गंभीर होता, आणि ज्या रविवारी तो पहिल्यांदा आमच्या व्हॅनच्या मागच्या सीटवर टेकला, त्या रविवारपासून माझ्या डोक्याला जो ताप सुरू झाला तो पुढं कैक वर्षं उतरला नाही.

त्यानं मागं हात नेऊन खोळ चाचपली. "अक्का, ही उशी कसली गं?"

"टाकी हाय ती."

तो असा उठला की त्याचं डोकं टपावर आपटलं. मग आमच्या दारातच उभा राहून त्यानं नवऱ्याला सगळं समजावून सांगितलं. अपघाताच्या जागी बंब पोचला की ते पहिला प्रश्न एकच विचारतात: गाडी कशावर हाय? पेट्रोल असेल तर कामाची एक रीत, डिझेल असेल तर दुसरी, आणि गॅस असेल तर सगळंच वेगळं.

"गॅस असला की आदी टाकीची चावी बंद करायची," तो म्हणाला. "वारं कुठनं येतंय बघायचं. ठिणगी उडंल असलं हत्यार लावायचंच न्हाई. गॅस जड असतोय दाजी, खाली बसतोय, गाडीच्या बुडाला साठून ऱ्हातोय. पर आमाला कळाय तर पायजे की. भायरनं बघितलं तर सगळ्या व्हॅना सारख्याच."

"मग मालकाला इचारायचं," नवरा म्हणाला.

"मालक शुद्धीत नसला तर?"

"बायकूला इचारायचं."

"आनि ती खरं बोलंल?"

"न बोलाय काय झालं?" असं म्हणून नवरा आंघोळीला गेला. वाद हरायला लागला की तो आंघोळीला जातो. त्या काळात तो फार स्वच्छ असायचा.

टाकी काढा म्हणून भाऊ दोन महिने भांडला. शेवटी त्यानं हात टेकले आणि मागणं खाली आणलं. "न्हाई काढत तर नसू दे. निदान गाडीच्या मागं लिवा तरी, गॅस हाय म्हनून. माझ्यासाठी लिवा. उद्या तुमच्या गाडीला काय झालं तर ह्यो पानक्याच येनार हाय न्हवं?"

आता लिहायचं कुठं, हा प्रश्न. कोल्हापुरात गाडीच्या मागच्या काचेतून मागचं बघायची पद्धत नाही. ती काच लिहिण्यासाठी असते. आमच्या काचेवर वर ज्योतिबा, त्याखाली आई-वडिलांचा आशीर्वाद, डावीकडं मुलीचं नाव, उजवीकडं मुलाचं, मध्ये शड्डू ठोकणारा पैलवान, आणि खाली, नवऱ्याच्या मते फार मार्मिक असं एक वाक्य, जे इथं लिहायची मला लाज वाटते. गॅससाठी यातलं काय काढायचं यावर आमच्या घरात तीन आठवडे चर्चा झाली. ज्योतिबाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. मुलांपैकी कुणाचं नाव काढणार? मी म्हटलं, पैलवान काढा. नवऱ्यानं उठून ओल्या फडक्यानं पैलवान पुसून लख्ख केला.

भाऊबीज आली. मी भावाला ओवाळलं आणि त्यानं तबकात ओवाळणी टाकली. साडीही नव्हती, पाकीटही नव्हतं. नंबरप्लेटवाले वापरतात तो चमकणारा कागद असतो ना, ज्याला सगळे रेडियम म्हणतात, त्यातून त्यानं स्वतः दोन मोठी पिवळी अक्षरं कापून आणली होती. गॅस. तबकात निरांजनाशेजारी ती अक्षरं अशी लखलखत होती की मला हसावं की रडावं कळेना.

"ओवाळनी हाय दाजी," भाऊ म्हणाला. "बहिनीच्या गाडीवर लागली पायजे. आता तुमीच बघा."

भाऊबिजेची ओवाळणी नाकारणं नवऱ्याच्या बापजन्मी शक्य नव्हतं. त्यानं काचेवरून पैलवान सोलून काढला आणि तिथं 'गॅस' चिकटवलं. मी समाधानानं आत जाऊन स्टो पेटवला.

हे समाधान नेमकं एक दिवस टिकलं. दुसऱ्या दिवशी नवरा तिन्हीसांजेला घरी आला तो व्हॅनमध्ये दोन रिकाम्या टाक्या घेऊन. कुणाच्या, ते त्यालाही माहीत नव्हतं.

झालं होतं असं. व्हॅन बांबवड्याच्या पुढं गेली आणि एका फाट्यावर थांबली. मागून कुणी तरी काचेवरचं वाचलं आणि वस्तीत आरोळी गेली, "गॅस आला, गॅस आला!" महिना-महिना नंबर लावून बसलेल्या बायका, हातात गॅसचं पुस्तक, कमरेवर रिकामी टाकी, धावत आल्या. नवरा सांगतोय की अहो हे वडाप आहे, पण ऐकतंय कोण? एक म्हातारी बॉनेटला टेकून उभी राहिली आणि हलेना. "वडाप हाय तर मागं गॅस कशाला लिवलंईस रं? लोकांच्या टाक्या काळ्याबाजारात इकतोस व्हय?" तेवढ्यात गर्दीतल्या एकानं आत बघितलं आणि झालर लावलेली खोळ वर केली. खाली खरोखरच भरलेली टाकी निघाली. मग काय विचारता! पुढच्या फाट्यापर्यंत बातमी व्हॅनच्या आधी पोचली. माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पॅसेंजर न घेता गाडी पळवली, आणि त्या गडबडीत दोघींनी आपल्या टाक्या मागच्या दारानं आत ढकलल्या, नंबर लवकर लागावा म्हणून.

त्या दोन टाक्या ज्याच्या त्याला पोचवायला त्याचा अख्खा दुसरा दिवस गेला. परत आल्यावर त्यानं दाढीचं ब्लेड घेतलं आणि ओवाळणी खरवडून काढली. मी दारातून ओरडत होते, तो खरवडत होता. स चांगला निघाला. ग चा डिंक मात्र काचेला घट्ट धरून बसला, आणि त्यावर मलकापूरच्या रस्त्याची धूळ बसून एक भलामोठा मळकट ग कायमचा उमटला. माझ्या नवऱ्याला ग ची बाधा आहे हे मला लग्नानंतर आठ दिवसांत कळलं होतं. आता ते गाडीवरच लिहिलेलं होतं.

भाऊ चिवट होता. तो म्हणाला, चूक आपलीच, नुसतं गॅस लिहिलं की लोक गॅस मागणारच. त्यानं यावेळी पेंटरला गाठून पूर्ण वाक्य लिहून घेतलं. 'ही गाडी गॅसवर आहे.' निळ्या रंगात, खाली रेघ मारून. आता यात गोंधळ व्हायला काय जागा आहे, असं मलाही वाटलं. पण आमच्याकडं माणूस काळजीत असला, धास्तावलेला असला की त्याला गॅसवर आहे म्हणतात. कॉलेजच्या पोरांना आयतं सापडलं. व्हॅनमध्ये चढता चढता विचारायची, "मामा, गाडी गॅसवर हाय, मालक बी गॅसवर हाय काय? घरात काय झालंय?" नवरा ते सुद्धा सहन करायला लागला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. आठ दिवस त्यानं दम धरला. नवव्या दिवशी नृसिंहवाडीला निघालेलं एक कुटुंब गाडीत बसलं होतं, अगदी निवांत. त्यांच्यातला एकजण तंबाखू थुंकायला मागं गेला, त्यानं वाक्य वाचलं, आणि सगळ्यांना खाली उतरवलं. "पोरंबाळं घेऊन बाँबवर बसू काय?" असं म्हणून ती माणसं मागच्या व्हॅनमध्ये जाऊन बसली.

मागच्या व्हॅनमध्येही टाकी होती. स्टँडवरच्या प्रत्येक व्हॅनमध्ये होती. फक्त लिहिलेलं नव्हतं.

नवऱ्यानं हे मला सांगितलं तेव्हा त्याचं म्हणणं खरं होतं, आणि मला त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. जो लिहील त्याची गाडी रिकामी, जो लपवील त्याची भरलेली. वाक्य पुसलं गेलं. मी भावाला म्हटलं, "बाबा, सोड आता." तो म्हणाला, "अक्का, तुला काय जातंय सोड म्हनाय? आत हात मी घालतो." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याच्यासाठी खरी भीती वाटली. तोवर मी भांडत होते ती माझ्या शेगडीसाठी.

मग दोन हजार साल उलटलं. गाडीला गॅस लावायला कायद्यानं परवानगी मिळाली. काही वर्षांत गॅसचा पंप आला, रीतसर टाकी बसवून देणारी दुकानं आली. नवरा तोवर नाक्यावरच्या पोलिसांशी घासाघीस करून थकला होता, मुलं मोठी झाली होती, आणि त्यानं एके दिवशी कुणालाही न सांगता गाडीला कायदेशीर टाकी बसवून घेतली. कागदपत्रांवर नोंद झाली. माझी टाकी माझ्या शेगडीला कायमची मिळाली. मी अंबाबाईला जाऊन ओटी भरून आले.

दुकानदारानं टाकीबरोबर एक गोल हिरवा स्टिकर दिला होता आणि मागच्या काचेवर लावा म्हणून बजावलं होतं. छापील, सरळ, दुरून दिसणारा. ज्यासाठी माझ्या भावानं इतकी वर्षं जीव काढला, ते आता आपसूक घरी चालत आलं होतं. मी आनंदानं भावाला बोलावून घेतलं. तो आला, गाडीच्या मागं गेला, परत पुढं आला.

"कुठाय?"

नवरा आत गेला आणि गाडीच्या कागदांची फाईल घेऊन आला. त्यात आरसी बुकाच्या शेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, स्टिकर जसाच्या तसा होता. पाठीचा कागदही सोललेला नव्हता.

"खराब हुईल की लावल्यावर," नवरा म्हणाला. "उन्हानं रंग उडतोय. ओरिजनल हाय."

भावानं स्टिकरची पिशवी उलटीपालटी करून बघितली. मग अगदी शांतपणे तो म्हणाला, "दाजी, गाडीनं पेट घेतला की आमी आदी फाईल मागायची काय?"

नवरा आंघोळीला गेला.

मी कपाळाला हात लावून पायरीवर बसले. या माणसाच्या घरात नव्या सोफ्याचं प्लॅस्टिक सहा वर्षं निघालं नव्हतं, टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत होता, तर स्टिकर काचेवर कसा जाणार? मी म्हटलं मीच लावते. फाईल कपाटात गेली, कपाटाची किल्ली नवऱ्याच्या कमरेला, आणि कामाच्या रगाड्यात ते राहून गेलं. असं राहून जाण्यात माझाही वाटा आहे. रोज सकाळी डबा भरताना आठवायचं आणि गाडी गेल्यावर विसरायचं.

त्या वर्षी ऊसतोड सुरू झाली होती, गुऱ्हाळं पेटली होती. दुपारी बाराच्या सुमाराला भावाच्या बरोबरचा एक फायरमन स्कूटरवरून दारात आला. त्याच्या अंगाला धुराचा वास होता. "अक्का, दवाखान्यात चला," एवढंच म्हणाला. भावजय बाळंतपणाला माहेरी गेलेली, पहिलटकरीण. म्हणून तो माझ्याकडं आला होता. नवरा जेवायला घरी आलेला होता. त्यानं ताट सारलं आणि गाडी काढली. काय झालं ते त्या फायरमननं आम्हाला सरकारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर सांगितलं.

रत्नागिरीच्या रस्त्याला, नदीच्या पलीकडं, एक व्हॅन उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली होती. वडापाचीच व्हॅन. चालवणाऱ्याचे पाय पुढं अडकले होते आणि तो गुरासारखा ओरडत होता. त्याच्या बायकोला लोकांनी बाहेर काढून रस्त्याकडेला बसवलं होतं. ती शुद्धीत होती, बोलत होती. माझ्या भावानं बंबातून उतरल्या उतरल्या तिला विचारलं, "वैनी, गाडी कशावर हाय?"

ती म्हणाली, "पेट्रोलवर."

त्यांनी बॉनेटवर पाणी मारलं, खाली सांडलेलं पेट्रोल धुऊन काढलं. शेजारीच गुऱ्हाळ होतं. काकवीचा आणि चिपाडाच्या धुराचा वास असा भरून राहिला होता की दुसरा कसला वास येणं शक्य नव्हतं. मागं गुळाची पोती रचलेली, त्यांच्यामागं काय आहे ते दिसत नव्हतं. माणूस ओरडत होता. पेट्रोल म्हटल्यावर आणि ते धुतल्यावर पत्रा कापायचं कटर लावायला हरकत नव्हती. बिजागरीवर नेम धरायला सोपं जावं म्हणून भावानं उजव्या हाताचा मोजा काढला. पहिलीच ठिणगी खाली पडली आणि गाडीच्या बुडातून जाळ वर आला.

"तरी त्यानं त्या मानसाला वडून काढला," फायरमन म्हणाला. "जाळातनं काढला, अक्का. मग हात बघितला."

पोत्यांमागं स्वयंपाकाची टाकी होती.

भावाचे दोन्ही हात कापसात आणि पट्ट्यांत गुंडाळलेले होते. डावा बरा होता. उजव्याच्या बोटांची हालचाल किती परत येईल, येईल की नाही, ते महिन्यानं बघू असं डॉक्टर म्हणाले. मी त्याच्या उशाशी उभी राहिले. एका बाजूची भुवई नव्हती. त्याला मूल व्हायचं होतं त्या महिन्यात, आणि ते मूल तो कसं उचलणार एवढाच विचार माझ्या डोक्यात फिरत होता.

"मी इचारलंवतं, अक्का," तो म्हणाला. औषधानं त्याची जीभ जड झाली होती. "इचारलंवतं की मी."

"व्हय रं," मी म्हटलं.

"न इचारता हात घातला न्हाई."

ते तो पुन्हा पुन्हा सांगत होता, जसं काही मीच त्याच्यावर ठपका ठेवत होते. मग त्याचे डोळे मिटले.

ती बाई बाहेर बाकावर बसली आहे, तिच्या नवऱ्याचे पाय भाजलेत, तोही इथंच आहे, असं कुणी तरी म्हणालं. मी तडक बाहेर निघाले. नवरा हातात व्हॅनची किल्ली घेऊन दाराशी उभा होता. त्यानं "जाऊ दे, नको" म्हणून माझा हात धरला, तो मी झिडकारला. मला कुणाला तरी फाडून खायचं होतं. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं, आणि शेवटी ते ज्याच्या अंगावर टाकावं असं माणूस समोर बसलेलं होतं.

ती माझ्याच वयाची होती. केसांत काचेचे बारीक तुकडे, पायात एकच चप्पल.

"तुमीच सांगितलं काय," मी विचारलं, "पेट्रोल हाय म्हनून?"

तिनं वर बघितलं. मला वाटलं होतं नाही म्हणेल, रडेल, पाया पडेल. ती म्हणाली, "व्हय."

"का? आत नवरा अडकलेला तुमचा! त्यो मानूस तुमच्या नवऱ्याला काडायला आलावता!"

"तोंडातनं गेलं वो," ती म्हणाली. "ह्यांनी सांगून ठेवलंय. पोलीस असू दे, पॅशिंजर असू दे, कुनीबी इचारलं तर पेट्रोलच म्हनायचं. साताठ वर्सं तेच म्हनत आले. त्येनी इचारलं आनि गेलं तोंडातनं. मी ठरवून न्हाई बोलले वो. मला काय सुचायच्या आदीच गेलं."

मलाही असंच सांगून ठेवलेलं होतं. मीही कैक वर्षं असंच म्हटलेलं होतं, नाक्यावर, स्टँडवर, लग्नघरात, हसत हसत, आणि त्याला खोटं बोलणं म्हणतात हे माझ्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. जिभेवर होतं ते सगळं मी गिळलं. फक्त म्हटलं, "माझा भाऊ हाय त्यो."

ती हुंदका देऊन बाजूला सरकली आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. काय करावं ते न कळून मी बसले. नवरा आमच्यापासून चार हातांवर येऊन थांबला. बोटात अडकवलेली किल्ली तो उगाच फिरवत होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, किल्लीकडं बघितलं, पदरानं नाक पुसलं. दवाखान्यात शेजारी बसलेल्या बायका एकमेकींना काही तरी विचारतात, तसं विचारलं.

"तुमची बी व्हॅनच हाय व्हय? कशावर हाय?"

"पेट्रोलवर," मी म्हणाले.

आमचे कागद सरळ होते. टाकी कायदेशीर होती, बुकावर नोंद होती, लपवण्यासारखं काहीसुद्धा उरलेलं नव्हतं. नवऱ्याच्या हातातली किल्ली थांबली. तो माझ्याकडं बघत राहिला आणि मी समोरच्या दाराकडं. खाटेपासून बाकापर्यंत फार तर दहा पावलं होती आणि दार सताड उघडं होतं. भावानं ते ऐकलं की नाही, हे मी त्याला आजवर विचारलेलं नाही.